अर्धं तिकीट

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे, आईबाबा म्हणजे मुलांचे पहिले शिक्षक. विषय ऐकूनच काहीजण म्हणतील, झालं, आता हा पण घरी अभ्यास घ्यायला लावणार. नाही लावणार. उलट तीन वर्षांच्या पोराला वहीत एकाखाली एक क गिरवायला लावणाऱ्या नर्सऱ्या मला बिलकुल पटत नाहीत, आणि त्यांची फी ऐकली की तर... पण ते राहू दे, तो विषय काढला तर आपला सगळा वेळ त्यातच जाईल.

सांगायचं एवढंच की मूल अंगणवाडीत पाय ठेवतं तेव्हा घरातनं बरंच काही शिकून आलेलं असतं. आई, बाप, आजी, बोलता बोलता शिकवत असतात. पण तुम्ही मुलाला काय शिकवता असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, "आम्हाला काय येतंय?"

यावरनं एक किस्सा सांगतो. कऱ्हाडहून चिपळूणला चाललो होतो, एसटीनं, आपल्या लाल डब्यानं. (एसी गाडीत काच बंद, बाहेरचा वास नाही वारा नाही, तो काय प्रवास आहे का?) मल्हारपेठेला एक गवंडी चढला, थैलीत थापी आणि ओळंबा (भिंत सरळ आहे का ते बघायची, वजन बांधलेली दोरी), सोबत पोरगी. पोरगी खिडकीपाशी, बाप मधे, मी कडेला. कंडक्टर आले. आता एसटीत पाच वर्षांच्या आतल्या पोरांना तिकीट नाही, पाचच्या पुढं अर्धं, हे तुम्हाला माहितीच आहे. कंडक्टरनं विचारलं, केवढी आहे? बाप म्हणाला, साडेचार.

पोरगी गर्रकन वळली. "खोटं! पाच. परवाच झाले." आणि नुसतं सांगून थांबली नाही हो, कंडक्टरसमोर पंजा धरला आणि दुसऱ्या हातानं एकेक बोट धरून मोजून दाखवलं, एक, दोन, तीन, चार, पाच. "हे अंगठ्याचं पाचवं, हे नवीन."

सगळी गाडी हसली. मागनं एक आजी म्हणाली, बापाला पार आडवा पाडला की गं! बाप लाजला, मग तो पण हसायला लागला आणि म्हणाला, "द्या साहेब अर्धं. मोजायला मीच शिकवलंय, आता कुणाला बोलू?"

मी विचारलं, कसं शिकवलं? तर म्हणाला, शिकवलं असं काही नाही, साइटवर येते कधीमधी, मी विटांचे थर लावतो, ही थर मोजत बसते. ओळंबा सोडला की कुठला थर बाहेर आलाय ते पण सांगते.

पुढं पाटणजवळ डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या. पोरगी म्हणते, "बाबा, डोंगराला उकडतंय का?" आता तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? गप बस, नाहीतर हातात मोबाइल दिला असता. हा बाबा म्हणाला, "उकडत असंल. पण पंखा फिरतोय कशानं? वर कुठं बटण दिसतंय का?" ती बघत बसली, बघत बसली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "वाऱ्यानं!" मग बाप म्हणतो, "म्हंजी पंखा वारा देतोय, का वारा पंख्याला फिरवतोय?" कोयनानगर येईपर्यंत हेच. पुढच्या सीटवरचे एक शेतकरी मधेच म्हणाले, या पंख्यांनीच आमचा पाऊस पळवला. तो वाद आपल्याकडं जुना आहे, मी त्यात पडत नाही.

आणि घाट लागला तेव्हा हाच माणूस मला विचारतो, "साहेब, पुढच्या साली हिला पहिलीला घालायचीय, घरी काय शिकवायचं जरा सांगा की. मी चौथीपर्यंत, आम्हाला काय येतंय?"

मी काय सांगणार कपाळ! म्हटलं, जे करताय तेच करा.

आता विषयाचं थोडं. लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 साली डहाणूजवळ बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ तिथंच त्यांच्यासोबत आल्या. गरिबांची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा यांनी बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं, जे हाताशी असेल ते साहित्य. पुढं 1957 मध्ये हे काम त्याच भागातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. 1975 पासून सरकारी अंगणवाडी आली, पण आपण ती खाऊची जागा करून ठेवली, शिकण्याची पण आहे हे विसरलो.

आता अंगणवाडीत, शाळेत माता गट असतात, आया एकत्र बसतात, घरच्या घरी काय करायचं त्याची आयडिया कार्डं मिळतात. करायचं काय, तर घरचंच काम, फक्त मुलाला सोबत घेऊन. जेवायला किती माणसं, तेवढी ताटं मांड, माणशी एक. तूर वेगळी कर, मूग वेगळे कर. मोजे धुतले, त्यांच्या जोड्या लाव. आणि करताना बोला. परत सांगतो, करताना बोला, त्याला विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा, आपण थांबत नाही ही आपली मोठी खोड आहे. मोबाइल बोलतो खूप, पण पोराचं ऐकून थांबत नाही.

तर या आठवड्यात अंगणवाडीच्या ताईंना विचारा, माता गट कधी बसतो. बाबांनो, तुम्ही पण जा, नाव माता गट असलं म्हणून कुणी हाकलून देणार नाही, फार तर सतरंज्या घालायला लावतील. नमस्कार.