दाबा, आणि उघडून बघू नका

मंडळी, वेळ कमी दिलाय, म्हणून म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याला चाकूला धार लावता येते त्याला कापलेल्या बोटाची पहिली दहा मिनिटं सांभाळता आलीच पाहिजेत. आणि त्या दहा मिनिटांत जखमेत पाण्याशिवाय दुसरं काहीही जाता कामा नये. हे पटवून देण्यासाठी मी उभा आहे.

आपण चाकूला धार लावणारे जमलो की पोलादावर तासभर बोलतो. चारशेच्या भरड दगडावरून हजाराच्या बारीक दगडावर कधी जायचं, यावर इथे मैत्री तुटायची वेळ आलेली मी पाहिली आहे. आता हात वर करा, कोणाकोणाच्या दगडांच्या पेटीत निर्जंतुक गॉझचं एक तरी पाकीट आहे? चार हात. आणि जपानी पाणीदगड, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा धारेचा दगड, कोणाकडे आहे? बघा, मागच्या रांगेतल्यांनी दोन्ही हात वर केले! गॉझचं पाकीट काही रुपयांना मिळतं हो.

आपल्याला होणाऱ्या जखमा स्वयंपाकघरातल्या जखमांपेक्षा वेगळ्या असतात, हे नीट समजून घ्या. बोथट विळीवर भोपळा चिरताना जोर लावावा लागतो, हात सटकतो आणि कातडी फाटते. आपल्या पात्याने सरळ, स्वच्छ चीर पडते. कडा जुळतात, त्यामुळे ती भरून यायला सोपी. पण तीच चीर सहज खोल जाते, आणि दुखत नाही म्हणून खोली कळत नाही. दगडावर काम करताना कापलं तर पातं घासून होणाऱ्या त्या काळ्या चिखलातले पोलादाचे आणि दगडाचे कण आत जातात. धारेवर शेवटचा हात फिरवतो त्या चामड्याच्या पट्ट्यावरची हिरवी पेस्टही जाते. असे कण आत राहिले तर कातडीखाली कायमचा डाग उरू शकतो. घडीच्या चाकूंची आणखी एक तऱ्हा. ज्याला उघडं पातं अडकवून ठेवणारं कुलूप नाही असा चाकू टोकाने भोक पाडताना मिटतो आणि पातं बोटाच्या मागच्या बाजूला, पेऱ्यावर बसतं. तिथे कातडी पातळ आहे. लगेच खाली बोट सरळ करणारा स्नायुबंध आणि त्याखाली सांधा. म्हणून पेऱ्यावरची लहान दिसणारी चीरसुद्धा मी कधी लहान मानत नाही. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ साली ती फिरणारी कडी बसवली गेली, ती पातं असं अचानक मिटू नये म्हणूनच. ज्यांच्याकडे ओपिनेल आहे त्यांनी कडी फिरवल्याशिवाय काम सुरू करू नये.

आता हळदीकडे येतो. मला माहीत आहे, अध्यक्ष हसतायत. पण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

कोणाचंही बोट कापलं की खोलीतला एक तरी माणूस हळदीच्या डब्याकडे धावतो. मी 'थांबा' म्हटलं की उत्तर ठरलेलं: 'अहो, हळदीसाठी आपण अमेरिकेत खटला जिंकलोय!' हो, जिंकलोय, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना, दोघेही भारतीय वंशाचे, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत मिळालं. तेव्हा सीएसआयआरची, म्हणजे आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, धुरा रघुनाथ माशेलकरांकडे होती. आपल्या गोव्यातल्या माशेलचा माणूस, त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. त्यांनी हे पेटंट आव्हान देऊन पाडायचं ठरवलं. जुने ग्रंथ, जुने शोधनिबंध काढून पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. एका गरीब म्हणवल्या जाणाऱ्या देशाने आपलं पिढीजात ज्ञान असं कागदोपत्री राखावं, ही मोठीच गोष्ट होती.

पण काय सिद्ध झालं, ते ऐका. सिद्ध हे झालं की ही कल्पना नवी नाही. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं, ही जुनी होती, म्हणून गेलं. तुमच्या मिसळणाच्या डब्यातली पूड उघड्या जखमेत भरावी की नाही, हा प्रश्न तिथे नव्हताच. ती पूड कुठून येते? हळदीचं कंद जमिनीखाली वाढतं. आपल्या सांगलीकडे शेतात काढतात, शिजवतात, उघड्यावर वाळवतात, पॉलिश करून दळतात. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात, आणि साध्या उकळीला ते दाद देत नाहीत. भेसळीच्या हळदीत लेड क्रोमेटही सापडतं, म्हणजे शिसं. डब्यात रोज ओला चमचा जातो तो वेगळाच. शिसं सोडलं तर आमटीत बाकीचं चालतं, कारण ते पोटात जातं आणि पोटाची तयारी वेगळी असते.

आणि माझी खरी तक्रार पुढेच आहे. हळद भरलेलं बोट घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे गेलात तर त्यांना जखमेच्या कडा दिसत नाहीत. स्नायुबंध पांढरा असतो, तो पिवळ्या चिखलात कसा ओळखायचा? आधी सगळं धुऊन काढायचं, तुम्ही कळवळायचं, थांबलेलं रक्त पुन्हा वाहायचं. कॉफी, चहाची पूड, राख, टूथपेस्ट, सगळ्यांचं हेच. लहानपणी आपण गुडघ्यावर दगडी पाला चोळायचो, त्याबद्दल मला प्रेम आहे. पण तो खरचटण्यासाठी होता, आणि पाला कुठल्या बांधावरचा हे आता कोण बघतं?

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, सात मिनिटं. बरं, पटापट घेतो.

कापल्याबरोबर चाकू खाली ठेवा. स्वच्छ कापड किंवा गॉझ जखमेवर घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा, घड्याळ बघा. पूर्ण दहा मिनिटं. मधे उघडून बघायचं नाही. कापड उचललं की धरत आलेली गुठळी सुटते आणि सगळं पहिल्यापासून. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा. बोटाला दोरा किंवा रबर आवळू नका. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी, आणि इथे आपल्यातले बरेच साठीच्या पुढचे आहेत, जास्त वेळ दाबावं.

रक्त थांबलं की वाहत्या, पिण्याजोग्या पाण्याखाली धुवा, आसपास साबण. डेटॉल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत ओतू नका, बऱ्या होऊ पाहणाऱ्या पेशीही त्यात मरतात. 

मग पट्टी बांधण्याआधी परीक्षा घ्या, हे कोणी करत नाही. बोटाचा प्रत्येक सांधा वेगवेगळा वाकवा आणि सरळ करा, हलका विरोध देऊन. बोटाच्या दोन्ही कडांना मज्जातंतू असतात, म्हणून टोकाला दोन्ही बाजूंनी स्पर्श करून बघा. वाकवताना जोर कमी वाटला, एक बाजू बधिर लागली, कडा उघड्या राहिल्या, चीर पेऱ्यावर असली, किंवा नीट दाबूनही रक्त थांबलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. अर्धवट कापलेला स्नायुबंध आज बोट वाकवतो आणि काही दिवसांनी तुटतो. मधुमेह असेल तर लवकरच दाखवा.

बाकी जखम झाकून, ओलसर ठेवा. 'वारं लागू दे' हे विसरा. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकलेल्या ओलसर जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चढते. थोडं व्हॅसलिन, वर पट्टी, रोज बदला.

इन्स्टंट गोंद? लाकूडकाम करणारे लावतात, हे खरं. पण रुग्णालयातला गोंद वेगळ्या रसायनाचा असतो. घरातला तापतो आणि विघटन होताना ऊतींना त्रास देतो. जखम न धुता त्यावर गोंद म्हणजे घाण आत कोंडणं.

धनुर्वाताला गंज कारण नाही, माती आहे. बागेतल्या कोयत्याने कापलं आणि धनुर्वाताच्या शेवटच्या टीडी इंजेक्शनला पाच वर्षं होऊन गेली असतील तर घ्या, स्वच्छ जखमेला दहा वर्षांचा हिशेब. लहानपणचे डोस पूर्ण झाले होते की नाही आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

आणि देव करो, पण बोटाच्या टोकाचा तुकडाच पडला, तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर नको. माणूस आणि तुकडा दोघेही सोबत रुग्णालयात, आणि शक्यतो जिथे हाताची शस्त्रक्रिया करणारे असतील तिथे.

घंटा झाली. गॉझची पाकिटं मी आणली आहेत, दाराशी ठेवतो, जाताना प्रत्येकाने एक पेटीत टाका.