खजिनदार, अध्यक्ष आणि आधीच दिलेला ॲडव्हान्स

नमस्कार मंडळी. महाराष्ट्र दिन आहे, काहीतरी आपल्या मातीतलं बोला असं कमिटीने सांगितलं होतं. मी बोलणार आहे अमेरिकन काँग्रेसबद्दल, म्हणजे इथल्या संसदेबद्दल, आणि त्याला कारणही महाराष्ट्र दिनच आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

१ मे २००७, मंगळवार. शनिवारच्या कार्यक्रमासाठी आम्ही सात-आठ जण एका मेंबरच्या बेसमेंटमध्ये बसलो होतो, वडे अडीचशे सांगायचे की तीनशे यावर तासभर वाद चाललेला. कोपऱ्यात टीव्ही चालू. सहा वाजून गेले आणि तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश आले, त्याच दिवशी फ्लोरिडाहून परतले होते, आणि म्हणाले की काँग्रेसने पास केलेलं बिल व्हेटो केलंय, म्हणजे सही न करता परत पाठवलंय. सुमारे १२४ बिलियन डॉलरचं बिल, त्यात इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धाचे पैसे. म्हणजे ज्याला पैसे पाहिजेत तोच नको म्हणतोय! आमचे खजिनदार काका वड्यांचा हिशोब बाजूला ठेवून म्हणाले, "असा अध्यक्ष मला का नाही मिळाला!"

नको का म्हणाले, तर पैशाला अट चिकटवलेली होती. १ ऑक्टोबर २००७ पर्यंत सैन्य परत आणायला सुरुवात करायची आणि पुढच्या सहा महिन्यांत ते संपवायचं टार्गेट. नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत लोकांनी युद्धाला कंटाळूनच बुशच्या विरोधातल्या डेमोक्रॅट्सना काँग्रेसची दोन्ही सभागृहं, हाउस आणि सिनेट, दिली होती, तर जानेवारीत बुशनी उलट वीस हजारांच्या वर सैनिक आणखी पाठवायचं जाहीर केलं. फेब्रुवारीत हाउसने २४६ विरुद्ध १८२ नी निषेधाचा ठराव केला, पण तो नुसता ठराव, आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये करतात तसा. सिनेटमध्ये तर तो मतदानापर्यंत पोचलाच नाही. मग राहिली एकच गोष्ट, चेकबुक.

इथल्या राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय, काँग्रेसने कायदा केल्याशिवाय तिजोरीतून एक डॉलर बाहेर येणार नाही, आणि सैन्यासाठी तर दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचे पैसे एकदम मंजूरच करायचे नाहीत. राजाने सैन्य पोसत बसू नये म्हणून. आपल्याकडे बजेट पडलं तर सरकारच पडतं, इथे अध्यक्ष पडत नाही, तो बसूनच राहतो आणि भांडतो. त्यात इराकचा खर्च वर्षानुवर्षं मुख्य बजेटच्या बाहेरून, इमर्जन्सी म्हणून यायचा. नागपूर अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या माहितीयत ना, त्याच जातीचं प्रकरण.

आता मतं बघा. मार्चमध्ये हाउसमध्ये २१८ विरुद्ध २१२, म्हणजे काठावर पास. ती मतं जमवायला हाउसच्या तेव्हाच्या सभापती, डेमोक्रॅट नॅन्सी पेलोसींना काय काय करावं लागलं, तर युद्धाच्या त्या बिलात पालक पिकवणाऱ्यांना मदत, शेंगदाणे साठवायला मदत! विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. व्हेटोनंतर दुसऱ्या दिवशी परत मतदान, २२२ विरुद्ध २०३. बहुमत आहे, पण व्हेटो मोडायला दोन तृतीयांश लागतात, तेवढे कुठून आणणार.

आणि मग २४ मेला, मेमोरियल डेच्या सुट्टीच्या तोंडावर, तारखेची अट काढून पैसे मंजूर. हाउसमध्ये २८० विरुद्ध १४२, सिनेटमध्ये ८० विरुद्ध १४. पेलोसी स्वतः विरोधात मत देतात आणि त्यांच्याच सभागृहात ते पास होतं. बदल्यात मिळालं काय, तर त्याच कायद्यात मिनिमम वेज तासाला ५.१५ डॉलरवरून टप्प्याटप्प्याने ७.२५ झालं. तुमच्या मुलांनी समरमध्ये आइसक्रीमच्या दुकानात कमावलेल्या पैशात इराकचा थोडा वाटा आहे, त्यांना सांगा कधीतरी.

मी तेव्हा जाम चिडलो होतो. एका व्हेटोत गुडघे टेकले म्हणून. पण नंतर मी स्वतः दोन वर्षं या मंडळाचा खजिनदार झालो आणि एक गोष्ट कळली. अध्यक्ष हॉल बुक करून येतो, ढोल-ताशावाल्यांना ॲडव्हान्स देऊन येतो आणि मग म्हणतो आता चेक साइन करा, नाहीतर मंडळाची अब्रू जाईल. चेकबुक माझ्याकडे, सही माझी, आणि नाही म्हणायची सोय नाही. बुशचा ॲडव्हान्स म्हणजे तिकडे असलेली दीड लाख पोरं. पैसे अडवले की दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तुम्ही सैनिकांच्या तोंडचा घास काढणारे.

नाही कसं म्हणायचं, हे १९७३ च्या काँग्रेसने दाखवलंय. कंबोडियावरचं बॉम्बिंग थांबवायची अट घातली, २७ जूनला तेव्हाचे अध्यक्ष असलेल्या निक्सननी व्हेटो केला, तोही मोडता आला नाही. पण ते मागे हटले नाहीत, येईल त्या प्रत्येक बिलाला तीच अट लावू म्हणाले, आणि तेव्हा सरकारचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपायचं, म्हणजे बिलं अडकली की सरकारचे पैसेच अडकणार. निक्सन नमले, १५ ऑगस्टला बॉम्बिंग बंद. फरक एवढाच की व्हिएतनाममधून सैन्य मार्चमध्येच घरी आलेलं होतं. जमिनीवर कुणाचा मुलगा अडकलेला नव्हता.

जाता जाता एका माणसाचं सांगतो. वॉल्टर जोन्स, हाउसमधले नॉर्थ कॅरोलिनाचे रिपब्लिकन, म्हणजे बुशच्याच पक्षाचे. २००३ मध्ये फ्रान्सवर रागावून काँग्रेसच्या कँटीनमध्ये फ्रेंच फ्राइजचं नाव फ्रीडम फ्राइज करायला लावणाऱ्यांपैकी एक. पुढे हाच माणूस बदलला, मेलेल्या सैनिकांच्या घरी हजारो पत्रं लिहिली, आणि मार्चच्या त्या २१८ मध्ये जे दोन रिपब्लिकन होते त्यातला एक हा. २००८ मध्ये आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना वॉशिंग्टन दाखवायला नेलं, फिरत फिरत यांच्या ऑफिससमोर आलो. बाहेर फोटो लावलेले, गणवेशातली पोरं. आई चष्मा वर करून एकेक फोटो बघत पुढे सरकत होती. मग मला विचारलं, "हा युद्धाच्या बाजूचा की विरुद्ध?"

म्हटलं, आधी बाजूचा, आता विरुद्ध.

"मग आधीच नाही म्हणायचं ना," आई म्हणाली, आणि भूक लागली म्हणून आम्ही खाली कँटीनमध्ये गेलो. बोर्डवर परत फ्रेंच फ्राइजच लिहिलेलं होतं. आईला काही ते आवडले नाहीत, मीठ नव्हतं म्हणे.