खोक्याचा माग, चिपाडाची गाडी: उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरांच्या हाताला काम

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर चपलांचा रिकामा खोका, सुताचा गुंडा, जुना टी-शर्ट, कात्री, रद्दी.]

नमस्कार मंडळी! सोलापुरात मे महिन्यात दुपारी एक वाजता लेकराला "जा, बाहेर खेळ" म्हणायची काही सोय नाही. पारा ४२-४३ वर, डांबर तापलेलं, अख्खं घर कूलरसमोर. मग हातात मोबाइल येतो. मोबाइलवर मी भाषण देणार नाही, ते तुम्ही रोजच ऐकता. आज नुसतं हाताला काम द्यायचं. अट एकच, दुकानात जायचं नाही. ती तयार क्राफ्ट किटं मला मुळीच पटत नाहीत. आत सगळं आधीच कापून ठेवलेलं, लेकरानं फक्त चिकटवायचं. वीस मिनिटांत खेळ खलास, पैसे गेले, आणि डब्यातली चमकी पुढं महिनाभर फरशीवर.

आता माझा हिशोब सांगते. अशा प्रत्येक कामात दोन गोष्टी असतात. एक तयारी, म्हणजे कापणं, खाचा पाडणं, खळ म्हणजे पिठाचा चिकट लगदा शिजवणं. दुसरं म्हणजे तेच तेच परत परत करणं. वर-खाली, वर-खाली. बुडव, चिकटव, बुडव, चिकटव. तयारी आपली, आणि ती आदल्या रात्रीच उरकून टाकायची. परत परत करायचं ते लेकराचं. आपण काय करतो? त्याला समोर बसवतो आणि अर्धा तास आपणच कापत बसतो. ते कंटाळून उठतं, मग आपण म्हणतो, "ह्याला एका जागी बसायची सवयच नाही!" सवय कशी असेल, त्याला काम कुठं दिलंय?

पहिलं काम आपल्या गावाचंच. विणायचं.

[घरातली जेकार्ड चादर उचलून]

ही सोलापुरी चादर. जीआय म्हणजे त्या-त्या गावची खास ओळख सांगणारं मानांकन वगैरे मिळालेलं आहे, पण आपल्याकडं ती अंथरुणाच्या गठ्ठ्यात असते, कुणी नीट बघतसुद्धा नाही. विणायला बसायच्या आधी लेकराला ही उलटसुलट करून दाखवा. ह्या बाजूनं फूल लाल, जमीन पांढरी. उलटी करा. फूल पांढरं, जमीन लाल! पाच वर्षांचं पोरगं इथं थांबतंच. "कसं काय?" म्हणतं. दोन रंगांचे धागे वर-खाली जागा बदलतात, एवढंच सांगा. बाकीचं त्याला हातानं कळू द्या.

[क्लोज-अप: पुठ्ठा आणि खाचा]

खोक्याचा पुठ्ठा, वहीच्या पानाएवढा. वरच्या आणि खालच्या कडेला साधारण १ सेंटीमीटरवर खाचा, अर्धा सेंटीमीटर खोल. दहा-बारा पुरे. आता जाड सुती दोरा. टोक मागं चिकटपट्टीनं लावायचं, वरच्या पहिल्या खाचेतून पुढं आणायचं, सरळ खाली, खालच्या खाचेतून मागं, शेजारच्या खाचेतून परत पुढं. असं शेवटपर्यंत. हा झाला ताणा, म्हणजे उभा धागा. फार कचकचून ओढू नका, पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. बोटानं उचलला तर दोरा जरासा उचलला गेला पाहिजे.

आता बाणा, म्हणजे आडवा धागा. त्यासाठी जुना टी-शर्ट. आडव्या पट्ट्या कापायच्या, २ सेंटीमीटर रुंद. आणि हे बघा...

[पट्टी दोन्ही हातांनी ओढते. कडा आत वळतात.]

ओढली की कडा आपोआप आत वळतात आणि गोल दोरी तयार. होजिअरीचं कापडच तसं असतं. शर्टाच्या किंवा साडीच्या पट्टीचं असं होत नाही, तिचे धागे सुटत राहतात. त्या पट्ट्याही चालतील, पण पहिल्या खेपेला टी-शर्टच घ्या. पट्टीचं टोक आइस्क्रीमच्या काडीला चिकटपट्टीनं गुंडाळा. हा धोटा, आडवा धागा ह्यानं इकडून तिकडं न्यायचा.

लेकराचं काम इथून सुरू. एका धाग्याच्या वरून, एकाच्या खालून. परत येताना जिथं वरून गेलो तिथं खालून. चार वर्षांच्या लेकराला हे नुसतं सांगून समजत नाही. त्याच्यासाठी एक सोडून एक ताण्याला रंगीत स्केचपेननं खूण करा. जाताना रंगीत धाग्यावरून, येताना पांढऱ्यावरून. चुकेल. चुकू द्या. उसवायला लावू नका, त्या ओळीचीसुद्धा नक्षीच होते.

सात-आठ ओळी झाल्या की एक भानगड होते. कापड मधे आवळायला लागतं, कंबर बारीक. सगळ्यांचं होतं, कारण लेकरू पट्टी जोर लावून ओढतं. आमच्या शेजारच्या आजींनी आयुष्यभर कारखान्यात कांड्या भरल्या, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळलं. त्या येऊन उभ्या राहिल्या, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, वडायला लावू नकोस त्याला. सैल सोड, मग ठोक की!" म्हणजे बाणा सरळ ताणून टाकायचा नाही, कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग फणीनं खाली बसवायचा. मागाला फणी असते ती ह्याच कामाला. आपल्याकडं केसांची फणी आहे, नाहीतर काटा-चमचा. लेकरांना ह्या सगळ्यात ठोकायचा भाग सगळ्यात जास्त आवडतो, हे वेगळं सांगायला नको.

गोल विणायचं असेल, चहाच्या कपाखाली ठेवायला, तर पुठ्ठा गोल कापा आणि मधे भोक पाडा. कडेच्या प्रत्येक खाचेपासून मधल्या भोकापर्यंत दोरा, चाकाच्या आऱ्या असतात तसा. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. खाचा विषम हव्यात, १५ किंवा १७. सम ठेवल्या तर पहिल्या फेरीत ज्या दोऱ्यावरून गेलात, दुसऱ्या फेरीत परत त्याच्यावरूनच जाता. विणच पडत नाही, सगळं सुटून हातात येतं. विषम असल्या की दर फेरीला आपोआप उलटं होतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे सांगू नका. १६ खाचांचा एक करून द्या, १७ चा एक करून द्या, आणि तुम्ही स्वयंपाकाला लागा.

दुसरं, खळ.

फेविकॉल बाजूला ठेवा. दोन मोठे चमचे मैदा, नसेल तर कणीक. आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवायची, गुठळ्या इथंच मोडतात. मग दीड वाटी उकळत्या पाण्यात ओतायची आणि ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची. मागावर चढवायच्या आधी ताण्यालाही खळ देतात, म्हणजे धागा घासून तुटत नाही. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या तोंडून दहा गोष्टी निघतील. एक जपा. पूर्वी खळीला किडे-झुरळं लागू नयेत म्हणून तीत मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं क्षार, घालायचे. मोरचूद विषारी आहे. लेकरांच्या खळीत अजिबात नको. थोडीच करायची, फ्रीजमध्ये चार दिवस राहते, वास आला की फेकायची.

ह्या खळीनं वाटी करायची. स्टीलची वाटी पालथी घाला, वरून दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून ताणून लावा. पेपरच्या पट्ट्या कात्रीनं कापायच्या नाहीत, फाडायच्या. फाडलेली कड विरळ असते, ती नीट चिकटते आणि वर रेघ दिसत नाही. आता गंमत बघा. पेपर असा उभा फाडला...

[फाडते. सरळ पट्टी.]

सरळ. आडवा फाडला...

[वाकडीतिकडी फाटते.]

बघितलंत? कागदातले तंतू एका दिशेनं झोपलेले असतात. त्यांच्या बाजूनं गेलं की सरळ फाटतं. हे लेकराला तुम्ही सांगायचं नाही. रद्दी द्या, पंधरा मिनिटांत ते तुम्हाला सांगेल.

चार थर तरी हवेत. कुठं थर बसला आणि कुठं राहिला हे लेकराला कळत नाही, म्हणून पहिला थर साध्या पेपरचा, दुसरा रंगीत पुरवणीचा. शेजारी तेलुगू नाहीतर कन्नड पेपर येत असेल तर तिसरा थर त्याचा. आपल्या सोलापुरात एवढी तरी सोय आहेच! दोन थर झाले की गच्चीवर, वाळले की उरलेले दोन. ज्या उन्हाला सकाळपासून शिव्या देतो ते इथं कामाला येतं. पुण्या-मुंबईला पावसाळ्यात हेच काम चार-चार दिवस रेंगाळतं.

ही खळ जानेवारीतही काढा. संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याची यात्रा असते, सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, मागं पांढऱ्या बाराबंदीतली, म्हणजे बंद बांधायच्या अंगरख्यातली माणसं. ते बघून घरी आलेलं लेकरू हातात मिळेल ती काठी मिरवतंच, मग झाडू सुटत नाही की लाटणं सुटत नाही. पेपर कोपऱ्यापासून तिरका गुंडाळत नेला की बारीक, कडक काठी होते. अशा दोन-तीन एकात एक सरकवून चिकटवा. लेकराच्या उंचीपेक्षा लांब नको, पंख्याला लागते. वरचं बाशिंग जुन्या लग्नपत्रिकेचं, सोनेरी छपाई आयती मिळते.

मिठाचा गोळा सगळेच करतात, पटकन सांगते. दोन वाटी मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी. चूल, जातं, पोळपाट काय वाटेल ते करा. उन्हात वाळवलं तर तडे जातात, सावलीत उलटं-पालटं करून वाळवा. पावसाळ्यात ते मीठ ओल धरतं, वस्तू चिकट होते. आणि तोंडात घालणाऱ्या वयाच्या लेकराला हा गोळा देऊच नका. एवढं मीठ पोटात जाणं चांगलं नाही. घरातल्या कुत्र्यापासूनही लांब ठेवा.

आता माझ्या आवडीचं.

[ज्वारीची वाळलेली ताटं टेबलावर]

चिपाड. आपला जिल्हा ज्वारीचा, मंगळवेढ्याकडं मालदांडी जातीची ज्वारी असते आणि ह्या दिवसांत सगळीकडं कडब्याच्या गंज्या रचलेल्या दिसतात. शहरात राहत असाल तर गावाकडून येणाऱ्याला सांगा, चार ताटं घेऊन ये.

चिपाडाची साल मोठ्यांनीच काढायची. तिची कड बोटाला सपकन कापते, कळतसुद्धा नाही, मग झोंबायला लागतं. साल निघाली की आत पांढरं, हलकं भेंड. दाबलं तर दबतं, नखाची खूण उठते. त्याच्या एक-एक सेंटीमीटरच्या चकत्या म्हणजे चाकं. सालीची सळई म्हणजे आस. खिळा नाही, खळ नाही, सळई भेंडात टोचली की पक्की बसते. म्हणूनच हे तीन वर्षांच्या लेकराला जमतं. सळईची टोकं तेवढी आपण बोथट करून द्यायची. त्याच्यासाठी गाडीसुद्धा नको, एक लांब भेंड आणि वीस काड्या द्या. टोचेल, काढेल, परत टोचेल.

मोठ्यासाठी गाडी. दोन भेंडं आडवी, त्यांच्यावर सळया ओळीनं टोचल्या की गाडीचा तळ झाला. खालून आस, दोन्हीकडं चाकं. चाकं फिरायला हवी असतील तर चकतीचं भोक सळईपेक्षा सैल करा आणि बाहेरून भेंडाचा बारीक तुकडा टोचा, म्हणजे चाक निसटत नाही. पुढं लांब दांडी, तिच्यावर आडवं जू.

[गाडी टेबलावर ढकलते. एक चाक डुगडुगतं.]

चालतेय की!

बैल मात्र मला चिपाडात नीट जमत नाहीत. शिंगं होतात, मान होत नाही. मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याकडची मंडळी, तुमच्याकडं बैलाची मान कशी बसवतात ते खाली लिहा. फोटो टाकलात तर फारच बरं. तोवर आमच्या गाडीला दोन शेंगा जुंपल्यात.