टेपचं दुसरं टोक : जे.जे.तल्या वास्तुकलेच्या शाळेची गोष्ट

(दृश्य : जुन्या वाड्याचा चौक, सकाळचं तिरपं ऊन. तीन विद्यार्थी मापं घेत आहेत.)

एकाने टेपचं टोक जोत्याशी धरलंय. दुसरी टेप ओढत खांबापर्यंत गेली आहे. ती आकडा मोठ्याने सांगते, तिसरा वहीत लिहून घेतो. आधी तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, मग खांब, खांबावरचा हात, म्हणजे वरचं वजन पेलणारा आडवा टेकू, त्याच्यावर तुळई. मग त्याच खांबाचं माप पुन्हा एकदा, कारण मघाशी टेपला झोळ पडला होता.

याला मेझर्ड ड्रॉइंग म्हणतात. उभी असलेली इमारत इंचाइंचाने मोजायची आणि कागदावर पुन्हा उभी करायची. प्लॅन, म्हणजे वरून दिसणारी आखणी. सेक्शन, म्हणजे उभा छेद. एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारी बाजू. वास्तुकला शिकणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी हे टोक धरलेलं असतं. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत, म्हणजे जे.जे.त, या सवयीभोवती एक आख्खी शाळा उभी राहिली. तिला स्वतःचं दार मिळायला मात्र फार वर्षं लागली.

(दृश्य : सीएसएमटीचा घुमट. कॅमेरा खाली येतो, गर्दी, रस्ता, जे.जे.चं फाटक, आतली झाडं.)

१८५७ साली मुंबईत दोन संस्था सुरू झाल्या. मार्चमध्ये ही कलाशाळा, जुलैमध्ये मुंबई विद्यापीठ. कलाशाळेसाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी चार वर्षं आधीच एक लाख रुपये देऊ केले होते. विद्यापीठात कायद्याला जागा होती, वैद्यकाला होती, स्थापत्य अभियांत्रिकीलाही होती. वास्तुकलेला नव्हती.

(दृश्य : राजाबाई टॉवर, पायथ्यापासून वर. दगडातल्या आकृत्या जवळून.)

विद्यापीठाचा हा मनोरा बघा. २८० फूट उंच. १८७८ साली पुरा झाला. त्याचे नकाशे काढले लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, आणि ते मुंबईत कधी आलेच नाहीत. नकाशे बोटीने आले, दगड इथल्या पाथरवटांनी घडवला. ज्या विद्यापीठाची ओळखच ही इमारत झाली, तिथे इमारतीची कल्पना कशी करायची हे शिकवणारा वर्ग नव्हता.

(दृश्य : सीएसएमटीच्या भिंती. दगडी पानं, माकडं, मोर, मुखवटे. सावकाश.)

आणि हे बघा. जे.जे.पासून चालत पाच मिनिटांवर. स्थानकाचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, पण या भिंतींवरच्या कोरीवकामात जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. त्याही आधी जॉन लॉकवुड किपलिंग इथे वास्तुशिल्प शिकवायला आले होते. क्रॉफर्ड मार्केटच्या कमानींवरची उठावचित्रं त्यांची. म्हणजे इमारतीवर काय कोरायचं, हे जे.जे.त शिकवलं जात होतं. इमारत कुठे उभी करायची, वारा कुठून घ्यायचा, जिना कुठे वळवायचा, हे कुठेच नाही. ते बाहेरून ठरून यायचं.

(दृश्य : लाकडी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर सरकतोय. शिसपेन्सिलचा आवाज.)

सुरुवात लहान झाली. १८९६ साली जे.जे.त ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला. आर्किटेक्टांच्या कचेऱ्यांत नकाशे नीट काढणारे, उतरवून घेणारे हात हवे होते. हात, डोकं नव्हे. त्याच वर्षी शहरात प्लेग आला, दोनच वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि जुन्या वस्त्या पाडून नवे रस्ते काढायचं काम निघालं. शहर नव्याने आखलं जाणार होतं. ते आखायचं कुणी?

(दृश्य : जीपीओचा, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीचा मोठा घुमट, आतून.)

सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांनी या शिक्षणाला अभ्यासक्रमाची शिस्त लावली. हा जीपीओ त्यांचाच. तो पुरा झाला १९१३ साली, आणि त्याच साली जे.जे.त वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. रॉबर्ट केबल तो सांभाळू लागले. मुलं इतकी आपलेपणाने गुंतली की १२ मे १९१७ रोजी त्यांनी वास्तुकला विद्यार्थ्यांची संघटना काढली. पहिले अध्यक्ष होते जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद. हीच संघटना वाढत वाढत १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. देशातल्या वास्तुविशारदांची संस्था एका कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या संघटनेतून निघाली, हे आम्हा जे.जे.च्या लोकांना फार मोलाचं वाटतं.

(दृश्य : मापांचे जुने कागद, पिवळे पडलेले. शाईची बारीक रेघ. कॅमेरा इथे थांबतो.)

आणि मग क्लॉड बॅटली. १९२३ ते १९४३, वीस वर्षं ते या विभागाचे प्रमुख होते. स्वतः मोठ्या फर्ममधले, मुंबई सेंट्रल स्थानक त्यांच्या नावावर आहे. पण शिकवताना ते विद्यार्थ्यांना इथल्या जुन्या इमारतींकडे पाठवत. मोजा म्हणत. घरं मोजा, देवळं मोजा, झरोके मोजा. छज्जा भिंतीच्या किती पुढे आला की दुपारची सावली खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत पोचते, हे मोजल्याशिवाय कळत नाही. भिंत इतकी जाड का, चौक एवढाच का, ओटा रस्त्यापासून इतका वर का, या प्रत्येक ‘का’चं उत्तर टेपच्या आकड्यांतून हळूहळू दिसायला लागतं. १९३४ साली बॅटली यांनी अशी रेखांकनं पुस्तकरूपाने छापली.

ही रेघ पुन्हा बघा. एका दगडी कंगोऱ्याला पाच वळणं आहेत, आणि पाचही वेगवेगळी मोजलेली आहेत. ज्याने ही काढली त्याला सबंध दिवस उन्हात उभं राहावं लागलं असणार. ड्राफ्ट्समनला दुसऱ्याचा नकाशा उतरवता येतो. इथे विद्यार्थी गवंड्याचा, सुताराचा विचार उतरवत होता. हात तयार करणाऱ्या वर्गात डोकं तयार होऊ लागलं ते इथे, असं आम्ही मानतो.

(दृश्य : मरीन ड्राइव्ह. गोल वळलेले सज्जे. सूना महल.)

सूना महल, १९३७. वास्तुविशारद गजानन म्हात्रे. जे.जे.त शिकले, पुढे लंडनला. पेरीन मिस्त्री यांनी १९३६ साली इथून पदविका घेतली. ती घेणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या महिला. अच्युत कानविंदे, सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे, १९४२ सालचे पदविकाधारक. पुढे आयआयटी कानपूरचा परिसर त्यांनी घडवला.

पदविका. नावापुढे ‘जी.डी. आर्च.’, म्हणजे वास्तुकलेतली सरकारी पदविका, असं लिहायचं, अभिमानाने. पण विद्यापीठाची पदवी नाही, कारण वास्तुकला अजून विद्यापीठाच्या बाहेरच होती. ओव्हलसमोरच्या त्या मनोऱ्यापासून जे.जे.चं फाटक दोन किलोमीटरही नाही. ते अंतर कापायला ९५ वर्षं गेली. १९५२ साली वास्तुकलेचं शिक्षण मुंबई विद्यापीठाला संलग्न झालं, आणि १९५८ साली कलाशाळेतून वेगळं होऊन सर जे.जे. वास्तुकला महाविद्यालय उभं राहिलं. उपयोजित कलेची संस्थाही तेव्हाच वेगळी झाली.

वेगळं होणं म्हणजे भांडून वाटणी नव्हे. तेच आवार, तीच झाडं, मैत्रीही तीच. पण चित्रकाराला आपल्या कॅनव्हासचं उत्तर स्वतःला द्यायचं असतं. आर्किटेक्टला पावसाचं, आगीचं, म्हाताऱ्या माणसाच्या पायऱ्यांचं उत्तर द्यायचं असतं. आणि अभियांत्रिकीत तुळई किती वजन पेलेल ते शिकवतात. त्या तुळईखाली माणूस कसा बसेल, हा प्रश्न तिथे परीक्षेला येत नाही. या विद्येला स्वतःचं टेबल लागतं, स्वतःचा वेळ आणि स्वतःचे शिक्षक लागतात.

(दृश्य : अहमदाबाद. विटांच्या भिंती, पायऱ्यांवर बसलेली मुलं.)

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी जे.जे.त शिकले आणि १९६२ साली अहमदाबादेत त्यांनी वास्तुकलेची नवी शाळा सुरू केली. तिची इमारतही त्यांनीच बांधली, उत्तरेच्या उजेडाकडे तोंड करून. २०१८ साली त्यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, वास्तुकलेतला जगातला सर्वोच्च मानला जाणारा. तो मिळालेले ते पहिले भारतीय.

(दृश्य : जे.जे.चा स्टुडिओ, रात्री. सबमिशनची आदली रात्र. बटर पेपर, कटर, चहाचे ग्लास.)

१९७२ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे नाव फक्त नोंदणी असलेल्यालाच लावता येतं. आता पदवीला पाच वर्षं लागतात. २०२३ साली जे.जे.ची तिन्ही महाविद्यालयं मिळून एक अभिमत विद्यापीठ झालं.

एका छताखाली पुन्हा आलो, याचा आनंद आहे. आमचं मागणं इतकंच, की कोणता वाडा मोजायचा, किती दिवस मोजायचा आणि त्यासाठी किती शिक्षक सोबत जायचे, हे स्टुडिओत उभं राहून शिकवणाऱ्यांनीच ठरवावं.

(दृश्य : पुन्हा वाडा. ऊन उतरलंय. टेप गुंडाळली जाते. वहीचं पान जवळून.)

पान ४. खांब, उत्तरेकडून तिसरा. तळखड्यापासून हातापर्यंत ७ फूट ४ इंच. पुढे पेन्सिलीने लिहिलंय : ‘दोनदा मोजलं.’