जठरातली चांदी

अध्यक्षांनी ओळख करून देताना ‘नॅनोतंत्रज्ञानाचा चमत्कार’ असं म्हटलं. तेवढा चमत्कार मी आधीच साभार परत करतो. आज बोलायचं आहे ते हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरात राहून अल्सर घडवणाऱ्या जिवाणूबद्दल आणि तो अँटिबायोटिक्सना दाद देईनासा झाला की नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, कितपत कामी येतील याबद्दल.

ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी हे जिवाणू स्वतः पिऊन दाखवले, ती गोष्ट तुम्हाला पाठ असणार. माझी आवडती गोष्ट त्याआधीची आणि रॉबिन वॉरन यांची आहे. साल १९७९, ऑस्ट्रेलियातलं पर्थ. वॉरन पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रुग्णाच्या शरीरातले तुकडे तपासून रोग ओळखणारे डॉक्टर. जठराच्या एका तुकड्यावर त्यांना पुसटशी निळी रेघ दिसली. जिवाणू असावेत, असं त्यांना वाटलं. सहकाऱ्याला मात्र काही दिसेना. आम्लात जिवाणू जगतच नाहीत, हे सगळे शिकूनच आलेले. वॉरननी मग चांदीचं रंजन, म्हणजे तुकड्याला चांदीचा रंग चढवून, करून मागितलं. त्यात चांदीचे बारीक कण जिवाणूच्या अंगावर बसतात, तो जाड आणि काळा दिसू लागतो. झालं, वळणदार काळे जिवाणू ढिगाने दिसले!

आता माझी तक्रार ऐका. १९५४ साली पामर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी हजाराहून जास्त तुकडे तपासून जठरात असे जिवाणू नसतात, असा निर्वाळा दिला होता. चांदीचं रंजन त्यांनी वापरलंच नव्हतं. एक साधं रंजन राहिलं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं अल्सरचं खापर काळजीवर फुटत राहिलं. ‘काळजी करू नका’ असं सांगून फी घ्यायची, ही फार सोयीची उपचारपद्धती होती. हसू नका, पुढच्या रांगेत डॉक्टर मंडळी बसली आहेत. शेवटी १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे जिवाणू वाढवायच्या डिश उबदार पेटीत, इनक्युबेटरमध्ये, जास्त दिवस राहिल्या, तेव्हा कुठे हा जिवाणू वाढवता आला. एरवी त्या दोन दिवसांत फेकून देत. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं, त्यात त्या सुट्टीचाही...

बरं, चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत म्हणे. आता पळतो.

नेहमीचा उपचार म्हणजे आम्ल कमी करणारं औषध आणि सोबत दोन अँटिबायोटिक्स, बहुधा १४ दिवस. त्यातलं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, चिकटतं. तिथलं एक जनुकीय अक्षर बदललं की पकड सुटते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असे, औषधाला दाद न देणारे पायलोरी, ज्यांच्यासाठी नवी औषधं तातडीने शोधायला हवीत अशा जिवाणूंच्या प्राधान्ययादीत घातले. शिवाय हा प्राणी बसतो श्लेष्माच्या, म्हणजे जठराच्या आतल्या बुळबुळीत अस्तराच्या, थराखाली. युरियापासून अमोनिया करतो, भोवतालचं आम्ल मारतो, त्याने श्लेष्म पातळ होतो आणि हा पोहत आत शिरतो. औषध तिथवर पोचायच्या आत जठर पुढे ढकलून मोकळं.

नॅनोकणांचं आकर्षण इथे आहे. कायटोसान या नैसर्गिक पदार्थाचे धनभारित कण ऋणभारित श्लेष्माला चिकटून राहतात आणि औषध तिथेच सोडतात. चांदीच्या नॅनोकणांतून सुटणारे आयन तर जिवाणूचं पटल (बाहेरचं आवरण), एन्झाइम असे एकदम अनेक ठिकाणी घाव घालतात, म्हणून एका बदलाने सुटका होत नाही. डिशमध्ये निकाल झकास येतात. पण जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. चांदीच्या आयनांना क्लोराइड भेटलं की न विरघळणारं सिल्व्हर क्लोराइड बनतं. कणही आम्लात एकमेकांना चिकटून गोळे होतात. आणि चांदीला दाद न देणारे जिवाणूही आहेत. साल्मोनेलात तशी जनुकं सापडली आहेत. म्हणजे जिने पायलोरीला उघडं पाडलं, तीच त्याला मारेल यावर मी पैसे लावणार नाही.

लावायचेच तर लायपोसोमवर, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांवर, लावीन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगोतल्या गटाने लिनोलेनिक आम्ल हे मेदाम्ल भरलेले लायपोसोम केले. ते जिवाणूच्या पटलात मिसळून त्यालाच भोकं पाडतात. २०१४ मध्ये उंदरांच्या जठरातले पायलोरी त्यांनी घटवून दाखवले. पण उंदराचं जठर म्हणजे तुमचं-माझं नव्हे, माणसांवरच्या चाचण्यांशिवाय हे औषध होत नाही.

एक प्रश्न आलाय: ‘तोवर कलॉइडल सिल्व्हर घेऊ का?’ म्हणजे चांदीचे बारीक कण मिसळलेलं पाणी. नको. सतत घेतलं तर त्वचा कायमची निळसर-राखाडी होऊ शकते, त्याला अर्जिरिया म्हणतात. पायलोरीची तपासणी करून घ्या, निघाला तर डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करा, आणि संपल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा तपासा.