कलम ८९

(पडद्यावर : टेबलावर कोरा अर्ज. पेन धरलेला बाईचा हात.)

हा कागद नीट पाहा. घरातल्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध मनोरुग्णालयात भरती करायचं, तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे सुरुवात इथून होते. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा. म्हणजे रुग्णाने शुद्धीत असताना स्वतः निवडलेलं माणूस. तसं कुणी नेमलेलं नसेल, तर नातेवाईक किंवा सांभाळणारं कुणी. या हाताने दोनदा पेन खाली ठेवलं.

(दगडी भिंत. गंजलेलं फाटक.)

१९१२ सालचा कायदा होता ‘इंडियन ल्युनसी अॅक्ट’. माणूस वेडा, हे कायद्याच्या नावातच. १९८७ मध्ये नाव बदललं, तरी मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत टाकण्याची वाट तशीच राहिली. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. आता आधी तपासणी.

(दोन डॉक्टर, दोन वेगळ्या खोल्या.)

तीही दोघांकडून, आणि दोघांनी आपापली करायची. भरतीच्या दिवशी, नाहीतर आधीच्या सात दिवसांत. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. पाहायचं काय? नुकतीच जीव द्यायची धमकी दिली का, स्वतःला इजा केली का. कुणाच्या अंगावर धावून गेला का. की स्वतःचं खाणंपिणंही सांभाळता येत नाही, इतकी अवस्था आहे. ‘घरात फार त्रास देतो’ एवढ्यावर भागत नाही. लग्नाला नाही म्हणतो, जमिनीच्या कागदावर सही करत नाही, हे तर आजारातच येत नाही.

(रजिस्टर. तारखांचा रकाना.)

मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. स्वतःचा निर्णय घेण्याइतका माणूस सावरला का, हे दर सात दिवसांनी पाहायचं. भरतीची खबर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यायची : बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांची सात दिवसांत. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांचं मत लागतं, शिवाय मंडळाची परवानगी.

(व्यसनमुक्ती केंद्र. जाळीचा दरवाजा, बाहेरून कुलूप.)

दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थाही याच कायद्यात मोडतात. म्हणून या कुलपालाही तोच नियम. घरच्यांनी पैसे भरले म्हणून कुणाला गाडीत घालून आणता येत नाही. साखळीने बांधायला तर कलम ९५ ची सरळ बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, साखळ्यांमुळे पळता आलं नाही, २८ माणसं गेली.

(वॉर्ड. खिडकीपाशी खाटेवर बसलेला माणूस, मांडीवर वही.)

भरतीविरुद्ध मंडळाकडे दाद मागता येते, हे या माणसाला सकाळी सांगितलं गेलं. तसं सांगायलाच हवं. आता तो अर्ज लिहितोय, स्वतःच्या अक्षरात. तिसऱ्या ओळीत रिफील संपली.

(निवेदन थांबतं. नर्स खिशातलं पेन काढून देते. तो लिहीत राहतो.)