खांदेरीची रसद

श्रोतेहो, नमस्कार.

मराठ्यांच्या आरमाराचा विषय निघाला की सिंधुदुर्गाचा तट आठवतो, तोफा आठवतात. ते योग्यच आहे. पण आज मला बोलायचं आहे ते लाकूड, धान्य, पाणी आणि हे सगळं वेळेवर पोचवणाऱ्या माणसांबद्दल. हे राज्य समुद्रावर उभं राहिलं ते त्यांच्या जोरावर, असं मी मनापासून मानतो.

१६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि डोंगरातल्या राज्याला खाडी मिळाली. त्या काळी पोर्तुगीजांचा परवाना जवळ नसेल, तर व्यापाऱ्याचं जहाज पकडलं जाई. राजपुरीसमोरच्या जंजिऱ्यात सिद्दी बसलेला. त्याची माणसं किनाऱ्यावर उतरायची, गावं लुटायची, आणि घोडदळ येईपर्यंत पुन्हा पाण्यात पसार व्हायची. घोड्यावरून याला उत्तर देता येणार नव्हतं. म्हणून कल्याणच्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही ठेवले होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना धास्ती वाटली, त्यांनी आपल्या माणसांना काम सोडायला लावलं आणि ती मंडळी गुपचूप निघून गेली. पण बांधणी थांबली नाही.

तांडेल म्हणजे जहाजावरचे म्होरके, खलाशी, सुतार हे आपल्याच किनाऱ्यावरचे होते. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी. पिढ्यानपिढ्या भरती-ओहोटी पाहिलेली माणसं. मायनाक भंडारी, दर्यासारंग, दौलतखान हे त्यांचे सरदार. गुराब म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, त्यांवर तोफा असत. गलबतं लहान, उथळ पाण्यात शिरणारी, वारा पडला तरी वल्ह्यांवर पळणारी. २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, आणि पुढच्याच फेब्रुवारीत महाराज स्वतः जहाजात बसून दक्षिणेला बसरूरवर गेले.

लाकडाबद्दल एक सांगतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सागवान वगैरे लाकूड राज्यातल्या अरण्यातून हुजुरच्या परवानगीनं तोडावं, पण आंबा-फणसाला हात लावू नये, असं तिथं बजावलं आहे. रयतेनं ही झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, मगच तोडावं. गलबताची फळी कुणाच्या परसातून ओरबाडून आणायची नाही, हा आरमाराचा कायदा होता! मला तरी यात एखाद्या जिंकलेल्या लढाईइतकाच मोठेपणा दिसतो.

आता १६७५ कडे येऊ. जंजिऱ्याजवळच्या कासा खडकावर पद्मदुर्ग उभा राहत होता. दौलतखान आणि दर्यासारंगाला पैसा आणि धान्य पोचवण्याचा हुकूम कोकणातल्या प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, गेला होता. त्यानं काहीच पोचवलं नाही. महाराजांनी त्याला लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे, आणि ते वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. पद्मदुर्ग वसवून आम्ही ‘राजपुरीच्या उरावरी दुसरी राजपुरी’ केली आहे, असं ते म्हणतात. त्याला पाणी, फाटी, सामान पोचायला हवं आणि तुम्ही आरमार खोळंबवून ठेवता? हबश्यांनी, म्हणजे सिद्दीच्या माणसांनी, काही देऊन तुम्हाला आपलं चाकर केलं की काय, असा थेट सवाल त्यांनी केला आहे. ब्राह्मण म्हणून कुणी मुलाहिजा ठेवणार नाही, हेही सुनावलं आहे. श्रोतेहो, फाटी म्हणजे जळणाची लाकडं. ती पोचली नाहीत, तर खडकावर चूल पेटत नाही आणि किल्ला बांधणारा गवंडी उपाशी राहतो. राज्याभिषेक झालेला राजा स्वतः त्यात लक्ष घालत होता.

चार वर्षांनी हेच खांदेरीवर घडलं, पण या वेळी रसद पोचली. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी थळसमोरच्या खांदेरी बेटावर उतरला आणि तट बांधू लागला. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशीच, त्यामुळे इंग्रज चवताळले. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. सप्टेंबरात उतरू पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखान नागावच्या खाडीतून गलबतांचा ताफा घेऊन बाहेर पडला. इंग्रजांचं ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं, त्यांची बरीचशी जहाजं पळाली. ‘रिव्हेंज’ हे मोठं लढाऊ जहाज मात्र एकटं तोफा चालवत राहिलं आणि शेवटी आपल्या गलबतांना मागं फिरावं लागलं. मोठ्या जहाजाशी समोरासमोर झुंजण्याची ताकद आपल्याकडे तेव्हा नव्हती, हे मान्य करायला हवं.

पण खांदेरी वाचली ती त्या दिवसामुळे नव्हेच. नाकेबंदी चालू असताना रात्रीच्या अंधारात लहान होड्या किनाऱ्यावरून निघत, इंग्रजांच्या जड जहाजांना चुकवत आणि धान्य, दारूगोळा, माणसं बेटावर उतरवून परत येत. इंग्रज पाठलाग करत, पण वल्ह्यांच्या त्या वेगापुढे आणि उथळ पाण्यापुढे त्यांचा इलाज चालेना. तट मात्र चढत राहिला. या वल्हेकऱ्यांपैकी कुणाचं नाव आपल्याला ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी समेट करून जहाजं काढून घेतली. त्याच महिन्यात सिद्दीनं शेजारचं उंदेरी बळकावलं, आणि दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यावरून तोफा सुरू झाल्या. एप्रिलमध्ये महाराज गेले. तरी खांदेरी राहिली. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानं ती घेण्यासाठी आरमार पाठवलं, आणि तेही हात हलवत परत गेलं.